बुधवारचा उपवास

रेक्टरबाई पहिल्यांदा आमच्या घरी आल्या त्या मागच्या दारानं, न विचारता, आणि थेट गॅसपाशी. आम्हाला त्या वसाहतीत येऊन जेमतेम आठवडा झाला होता. संध्याकाळची वेळ. बायकोनं कढईत तेल तापवलेलं, मोहरी नुकती तडतडायला लागलेली, आणि एक उंच, हाडकुळी, पांढऱ्या केसांची बाई पदर खोचून आत आली, तिनं गॅसचं बटण बंद केलं आणि म्हणाली, "संध्याकाळी घरी फोडणी नाही. माहीत नाही काय तुमाले?"

मी चहाचा कप हातात धरून बघतच राहिलो. बायकोच्या हातात चिरलेल्या कांद्याची ताटली. बाईंनी फडक्यानं कढई धरली, उचलली, "तेल वाया नाही जाऊ देत मी. तिकडंच टाकतो भाजीत," म्हणाल्या आणि आमची कढई घेऊन आल्या तशा गेल्या. अहो, माझ्या घरातून, माझ्यादेखत, तापलेली कढई! दुसऱ्या दिवशी ती लख्ख घासून परत आली हे खरं, पण त्यानंतर मागचं दार वाजलं की माझी बायको आधी गॅसकडे धावायची.

ही वसाहत म्हणजे पुसदच्या बाहेर, उमरखेड रस्त्याला, सोयाबीनच्या एका वावरात आम्ही काही कुटुंबांनी मिळून बांधलेली दहा-बारा घरं. कल्पना एका निवृत्त प्राध्यापकांची. ते मुलीकडे परदेशात जाऊन आले, तिथं त्यांनी असलं काही पाहिलं आणि परत येऊन आमचं डोकं खाल्लं. घरं वेगळी, संध्याकाळची चूल एक. मधोमध मोठं स्वयंपाकघर, त्याला लागून पत्र्याचं शेड, शेडमध्ये पंगत. सकाळचं ज्याचं त्यानं बघायचं, संध्याकाळी सगळ्यांनी मिळून जेवायचं. प्रत्येक वाराला एका-दोन घरांचा नंबर. त्या दिवशी त्यांनी सगळ्यांसाठी रांधायचं. जेवण शाकाहारी, म्हणजे त्यावरून भांडण नको. आम्ही सगळे शिकलेसवरलेले, कुणी बँकेत, कुणी शाळेत, कुणी कचेरीतून निवृत्त झालेले. आपण काहीतरी मोठं करतो आहोत असं आम्हाला वाटायचं. पाहुणे आले की आम्ही त्यांना घराआधी ते शेड दाखवायचो. प्राध्यापक वर्षभरात पुन्हा मुलीकडे निघून गेले आणि त्यांची कल्पना रेक्टरबाईंच्या ताब्यात आली.

बाईंनी उभी हयात मुलींच्या सरकारी वसतिगृहात रेक्टर म्हणून काढलेली. लग्न केलं नाही. त्यांना नाव होतं, पण ते कुणी घेत नसे. आता त्या नाहीत, तरी माझ्या तोंडून रेक्टरबाईच येतं.

दिवेलागणीला त्या घरांच्या मागच्या गल्लीतून नाक वर करून फिरायच्या. कुणाच्या घरी फोडणीचा वास आला की संपलं. एकदा त्यांनी निवृत्त तहसीलदारांना पापड भाजताना पकडलं. तहसीलदार कायद्याचे माणूस. ते म्हणाले, "बाई, पापड म्हणजे फोडणी नव्हे. तुमच्या नियमात पापड कुठं आहे?" बाई थांबल्या. खरोखर विचारात पडल्या. मग म्हणाल्या, "बरोबर आहे. पापड माफ." आणि भाजलेले सगळे पापड पंगतीला वाढायला घेऊन गेल्या.

पंगतीचे नियम तर विचारूच नका. नवरा-बायकोनं शेजारी बसायचं नाही. "दिवसभर तेच तोंड पाहता, जेवताना कायले?" सगळ्यांची ताटं भरल्याशिवाय कुणी घास उचलायचा नाही. आणि जेवण चांगलं झालं की वाईट, यावर अक्षर बोलायचं नाही. "एकीले चांगलं म्हटलं का दुसरीले लागते. गपचिप जेवा." पंचपक्वान्नं करा नाहीतर करपलेलं पिठलं करा, माणसं सारखाच चेहरा करून जेवायची. नवीन माणसाला वाटावं, इथं कुणी गेलं की काय. बाई स्वतः वरणाचा गंज, म्हणजे आमच्याकडचं पातेलं, हातात घेऊन पंगतीतून फिरत असायच्या. व्यवस्था बघणारा माणूस मागून जेवतो, तशा त्याही मागून जेवत असतील असं आम्ही धरून चाललो होतो.

याच तहसीलदारांचं एकदा बायकोशी वाजलं आणि त्यांनी पंगतीला येणं सोडलं. बाईंनी समजूत वगैरे घातली नाही. तिसऱ्या दिवशी भात वाढून झाला होता, आणि त्या म्हणाल्या, "ताटं उचला." आम्ही आपापली ताटं घेऊन, पोराबाळांसकट, त्यांच्या मागून चालत तहसीलदारांच्या अंगणात गेलो आणि तिथं खाली बसलो. "ते येतपर्यंत कोणी खायचं नाही." वरण गार व्हायला लागलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. कुणाच्या घरचं भांडण आणि आम्ही ताटं मांडून बसलो आहोत! शेवटी दार उघडलं, तहसीलदार बाहेर आले, कपाळावर हात मारला आणि जमिनीवर बसले. दोन घास गेल्यावर ते हसायला लागले, मग त्यांची बायकोही.

पण ज्या गोष्टीनं मी त्यांना पहिल्यांदा घाबरलो ती वेगळी. त्या वाढत होत्या आणि कमरेला खोचलेला फोन वाजला. त्यांनी तो खांद्यानं कानाशी धरला, "बरं" म्हणाल्या, ठेवला. शेवटच्या माणसापर्यंत वरण वाढलं. मग कोशिंबीर वाढली. कुणाला पोळी हवी का ते विचारलं. गंज खाली ठेवला, हात धुतले आणि म्हणाल्या, "तुम्ही जेवा. मी जातो. भाऊ गेला माहा." पंगतीतले हात जागच्या जागी थांबले. बाईंच्या डोळ्यांत पाणी होतं की नाही ते मला दिसलं नाही. त्या पिशवी घेऊन बसस्टँडकडे निघाल्या होत्या. ही बाई आहे की काय आहे, असं मी बायकोला विचारल्याचं आठवतं.

पुढं वसाहतीतलं एक घर रिकामं झालं आणि तिथं एक नर्स राहायला आल्या. सरकारी दवाखान्यात नोकरी, नवरा उमरखेडकडच्या एका गावात शिक्षक. वय चाळिशीच्या आतबाहेर, बोलणं कमी, कामाला वाघ. गावाकडचा होता नव्हता तो प्लॉट विकून त्यांनी हे घर घेतलं होतं. इथं जमलं नाही तर परत जायला जागा नव्हती. आम्ही सगळे त्यांना नर्सताई म्हणायचो. त्यांची जात कोणती हे कुणी विचारलं नाही. विचारायची गरज नव्हती, आडनावातच ती होती. आणि आम्ही असलं काही मानत नाही, हे तर आम्ही एकमेकांना वारंवार सांगत असू.

माझ्या आईचं त्यांच्याशी चांगलं जमलं. आईला साखरेचा त्रास. दर आठवड्याला नर्सताई ड्युटीवरून येता येता आमच्याकडे थांबायच्या, आईचं बोट धरून सुई टोचायच्या, साखर बघायच्या. "आजी, तुमचं बोट पाहून तं मशीन बी घाबरते," असं काहीबाही बोलून तिला हसवायच्या. आई त्यांच्या दंडाला धरून उठायची. हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे, म्हणून पुढचं मला अजूनही पचत नाही.

नर्सताईंना सोमवारचा नंबर मिळाला. त्यांनी पहिल्याच दिवशी बेसनाच्या वड्यांचा, पाटोडीचा रस्सा केला, असा की नियम मोडून बोलावंसं वाटलं. आई आली नव्हती. तिचा सोमवार लहानपणापासूनचा. आणखी चार-पाच जणांचा सोमवार होता. सोमवार महादेवाचा, त्यात विशेष काही नाही. पण उरलेल्या पोळ्यांची चवड पाहून रेक्टरबाईंच्या कपाळाला आठी पडली.

काही आठवड्यांनी त्यांनी नर्सताईंचा वार बदलला आणि गुरुवार दिला. "सोमवारी लोकायले उपवास राहते. पोरगी जीव तोडून करते, अन् अन्न उरते." झालं, तेच चार-पाच जण आता गुरुवार धरायला लागले. आईनंही धरला. वय झालं की माणूस देवाकडे वळतं, असं मला वाटलं. बाईंनी शनिवार दिला, तर शनीची पीडा निघाली. मग एक दिवस त्यांनी जाहीर केलं, "नर्सताईचा नंबर आता बुधवारी. बुधवारी कोणाचा उपवास नसते."

पहिल्या बुधवारी ते चार-पाच जण आले नाहीत. एकीला ज्योतिषानं बुध बिघडल्याचं सांगितलं होतं. एका निवृत्त मुख्याध्यापकांना पोटाला विश्रांती द्यायची होती. आणि माझी आई घरात माळ ओढत बसली होती.

मी जेवून हात धूत होतो तेव्हा बाई माझ्याजवळ आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "तुह्या मायचा बुधवार कवापासून?"

मला काही कळेना. मग कळलं. नळ चालू होता, तो बंद करायचंही मला सुचलं नाही.

घरी येऊन मी आईसमोर बसलो. "आई, खरं सांग. नर्सताईंच्या हातचं जेवायला नको म्हणून तू उपाशी राहतेस?"

आईनं माळ खाली ठेवली नाही. "मी काय कोणाले बोलली? कोणाले नावं ठेवली? मी आपली उपाशी राह्यतो. माह्या पोटाचा बी हिशोब आता तुले देऊ काय?"

"अगं, ती तुझं बोट धरते, तुला हाताला धरून उठवते!"

"बोट येगळं, तोंड येगळं," आई म्हणाली. इतक्या साधेपणानं म्हणाली. मी पन्नाशी ओलांडलेला माणूस, जन्मभर या बाईच्या हातचं जेवलो, आणि ती मला त्या क्षणी अनोळखी वाटली. बायको आतून ऐकत होती, तिनं फक्त भांडं आपटलं.

रेक्टरबाईंनी मात्र आता कंबर कसली. पुढच्या बुधवारच्या आधी त्या घरोघर फिरल्या. "उपवास करा, जरूर करा. पण आपल्या इथं संध्याकाळची चूल एक. मंग उपवासाचं बी तिथंच होईन. नर्सताई भगर करते, दाण्याची आमटी करते, रताळं उकडते. सगळे जण येजा." मला मनातून हसू फुटलं; आता जातील कुठं! पण आमची माणसं काही कमी नव्हती. त्या बुधवारी एकाएकी सगळे उपवास निरंकार झाले. पाण्याचा थेंबही नाही. मुख्याध्यापकांनी तर पाण्याची बाटली घराबाहेर ओट्यावर ठेवली, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसावं.

बाई म्हणाल्या, "निरंकार तं निरंकार. पण बसायचं पंगतीत. रिकामं ताट घ्यायचं समोर."

आणि ते बसले, हे विशेष. बाईंच्या धाकानं म्हणा, किंवा न बसणं म्हणजे कबुली दिल्यासारखं होईल म्हणून म्हणा. ऐन मे महिना. शेडचे पत्रे दिवसभर तापलेले, कूलर नुसता गरम वारा फेकत होता. आम्ही बाकीचे भगर-आमटी आणि पोळी-भाजी दोन्ही खात होतो आणि मध्ये मध्ये ती रिकामी ताटं. नर्सताई वाढत होत्या. एका भरल्या ताटात वाढायचं, पुढच्या रिकाम्या ताटासमोर क्षणभर थांबायचं, मान खाली घालून पुढं जायचं. बाई मात्र हातात गंज धरून विजयी मुद्रेनं फिरत होत्या.

आईनं सकाळी साखरेची गोळी घेतली होती आणि त्यानंतर काहीही खाल्लं नव्हतं. मी तिला हात जोडून सांगितलं होतं. तिनं ऐकलं नाही.

आधी तिच्या कपाळावर घाम आला. मग तिची मान एका बाजूला गेली आणि ती शेजारणीच्या मांडीवर कलंडली. सगळ्यात आधी नर्सताईंनी पाहिलं. हातातली आमटीची वाटी त्यांनी तशीच खाली टाकली. "शुगर खाली गेली आजीची. साखर आना कोणी! लवकर!" मी साखरेचा डबा आणेपर्यंत त्यांनी आईचं डोकं आपल्या मांडीवर घेतलं होतं, एका हातानं नाडी धरली होती. पेल्यात साखर ढवळली, चमचा भरला आणि आईच्या ओठांशी नेला.

आईनं डोळे उघडले. चमच्याकडे पाहिलं, मग चमचा धरलेल्या हाताकडे, मग वर चेहऱ्याकडे. आणि तिनं दात आवळले.

"आजी, घ्या. आजी, तोंड उघडा."

आईनं मान फिरवली. डोळे फिरत होते, अंग थरथरत होतं, शुद्ध धड राहत नव्हती, पण दात घट्ट. साखरेचं पाणी हनुवटीवरून ओघळून तिच्या पातळावर सांडलं. मी आयुष्यात बऱ्याच वाईट गोष्टी पाहिल्या; माणूस मरायला टेकलं असताना असं करू शकतं, हे पाहिलं नव्हतं.

नर्सताईंनी दुसऱ्यांदा प्रयत्न केला. मग चमचा माझ्या हातात दिला. "दादा, तुम्ही पाजा. टाइम नाही."

माझ्या हातून आई प्याली. चमच्यामागून चमचा प्याली. साखर ढवळली होती नर्सताईंनी, पेला होता त्यांच्या हातात, फक्त चमचा माझ्या हातात. थोड्या वेळानं तिच्या चेहऱ्यावर रंग आला. नर्सताईंनी पुन्हा नाडी पाहिली, तेव्हा मनगट मात्र तिनं मुकाट्यानं दिलं. बायकोनं आणि शेजारणीनं धरून तिला घरी नेलं.

मग रेक्टरबाई कडाडल्या. "पाह्यलं? पाह्यलं सगळ्यायनं? मराले तयार, पण हातचं खाले तयार नाही! आता पुढच्या बुधवारी मी एकेकाच्या तोंडात..."

"बाई, थांबा."

नर्सताई जमिनीवरची सांडलेली आमटी पुसत होत्या. पुसणं त्यांनी थांबवलं नाही. "तुम्ही मले एकदा तरी विचारलं काय, का मले काय पाह्यजे म्हणून? मले पहिल्या सोमवारीच समजलं होतं. घरच्या माणसाले बी मी नाही सांगितलं. म्हटलं, राहाचं इथंच आहे, जे येतीन ते जेवतीन, हळूहळू होईन. तुम्ही माहा वार बदलत राह्यल्या अन् दरवेळी सगळ्यायले नव्यानं माहीत होत गेलं. आज तं तुम्ही त्या रिकाम्या ताटायपुढं मलेच उभं केलं."

"मी तुह्यासाठीच भांडून राह्यलो ना पोरी!"

"माह्यासाठी?" नर्सताई उठून उभ्या राहिल्या. आवाज चढलेला नव्हता. "आपली भिंत एक आहे, बाई. माहा नंबर असला का रातच्याला तुमच्या घरून भाकर थापाचा आवाज येते. बाकीच्या वारी नाही येत."

मला वाटलं, आता बाई आकाशपाताळ एक करतील. मी वाट पाहिली. सगळ्यांनीच पाहिली. ज्या बाईनं अख्ख्या वसाहतीच्या चुली विझवल्या, तिच्या घरी चूल? आणि त्याच दिवशी? मला तो आरोप इतका खोटा वाटला की मी मध्ये बोलायला तोंड उघडलं. आणि पाहतो तो बाईंच्या हातातला गंज कलता झाला होता, वरणाची धार पायावर पडत होती आणि त्यांना पत्ता नव्हता. मग त्या खाली बसल्या. पंगतीच्या जागेवर त्या बसलेल्या मी पहिल्यांदाच पाहत होतो.

"खरं आहे," त्या म्हणाल्या.

कुणीतरी कूलर बंद केला.

"डोक्याले समजते, घशाखाली उतरत नाही. लहानपणी एकदा मी मैत्रिणीच्या घरची भाकर खाल्ली, तं मायनं चुलीतलं जळतं लाकूड काढून तोंडाशी आणलं होतं. तवापासून असं आहे. होस्टेलात सगळ्या जातीच्या पोरी एका पंगतीत बसवल्या मी, कोणाची हिंमत नव्हती येगळं बसाची. पण मी वाढाले उभी राहो. वाढणारीले कोणी विचारत नाही, तू जेवली काय म्हणून. अख्खी नोकरी उभ्यानं काढली मी." त्यांनी आमच्याकडे पाहिलं नाही. "मले वाटलं, बाकीच्यायचं तरी सुटलं पाह्यजे."

हे ऐकून मला राग आला नाही, कीवही आली नाही. मी नुसता गार पडलो. इतकी वर्षं आम्ही ज्यांच्या धाकात वागलो त्यांच्या आत हे एवढं होतं आणि त्या ते घेऊन रोज आमच्या मध्ये फिरत होत्या.

बाईंनी हात लांब करून समोरचं एक रिकामं ताट ओढलं. बहुतेक ते आईचंच असावं. "वाढ मले."

नर्सताईंनी वाढलं. भगर, आमटी. बाईंनी घास कालवला, तोंडात घातला. तो तोंडात फिरत राहिला. मानेच्या शिरा ताठ झाल्या, डोळ्यांतून पाणी आलं, आणि त्या उठून शेडच्या मागं पळाल्या. आम्हाला तो आवाज ऐकू आला. परत आल्या त्या तोंड पुसत, पुन्हा ताटावर बसल्या आणि दुसरा घास उचलला.

नर्सताईंनी वाकून ते ताट त्यांच्यासमोरून काढून घेतलं.

"नाही बाई. माहं जेवण म्हणजे औषध नोहे, नाक दाबून गिळाले. ज्या दिवशी भूक लागन त्या दिवशी या."

ती पंगत तिथंच मोडली. वसाहतीत त्यानंतर जो तो आपापल्या घरी फोडणी द्यायला लागला. शेडला कुलूप नव्हतं, पण कुणी तिकडे फिरकत नव्हतं. नर्सताई घर विकणार अशी कुजबुज सुरू झाली. मुख्याध्यापक म्हणाले, "त्यांच्याच भल्याचं आहे." मी त्यांच्याशी बोलणं सोडलं, ते आजतागायत. मी नर्सताईंच्या घरी गेलो. त्यांनीच विचारलं, "आजीची शुगर कशी आहे?" मी सांगितलं की आई गेली. म्हणजे वणीला, माझ्या बहिणीकडे. दुसऱ्याच दिवशी पिशवी भरून बसली होती. या वसाहतीत आता पाणी पिणार नाही म्हणाली. मी थांबवलं नाही. नर्सताई म्हणाल्या, "तिथं कोणाले तरी शुगर पाहाले सांगा हप्त्याहप्त्यानं." मला शरमेनं मान वर करवेना.

बुधवार आला आणि नर्सताईंनी शेड झाडलं, दिवा लावला, सगळ्यांच्या मापानं स्वयंपाक केला. कुणाला बोलवायला गेल्या नाहीत. मी आणि बायको गेलो, तहसीलदार पती-पत्नी आले, आणखी थोडे आले. रेक्टरबाई आल्या नाहीत. जेवणं आटोपून आम्ही परतत होतो, तेव्हा आपल्या दाराशी नर्सताई एकदम थांबल्या, त्यांनी कान दिला आणि स्वतःशीच म्हणाल्या, "आज भाकरीचा आवाज नाही."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी घरीच होतो. बाहेर ऊन नुसतं पेटलेलं. खिडकीतून पाहिलं तर बाई नर्सताईंच्या मागच्या दाराशी उभ्या. पदर डोक्यावर घेतलेला, चेहरा ओढलेला. बाईंना असं कुणाच्या दाराशी ताटकळत उभं राहिलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. नर्सताई युनिफॉर्ममध्ये, ड्युटीला निघायच्या बेतात.

मग बाई म्हणाल्या, "भूक लागली."

नर्सताई आत गेल्या. रात्रीचंच काय ते होतं: शिळी भाकर, वाटीत उरलेलं वांगं, कांदा. ताट पायरीवर ठेवलं, शेजारी पाण्याचा तांब्या. बाई पायरीवर बसल्या. पहिला घास त्यांनी मोडला, तो मला इथून दिसला. मी खिडकीपाशी उभा होतो, आता उठतात, आता पळतात. त्या उठल्या नाहीत. हळूहळू चावत राहिल्या. नर्सताईंनी घड्याळ पाहिलं, पायात चपला घातल्या आणि निघून गेल्या. बाई एकट्या जेवत होत्या, आणि घराचं दार तसंच उघडं होतं.

संध्याकाळी मी वणीला फोन लावला आणि आईला सगळं सांगितलं. पायरीपर्यंतचं, शिळ्या भाकरीपर्यंतचं.

"मंग?" आईनं विचारलं. "पचलं काय तिले?"

"पचलं," मी म्हणालो.

आईनं फोन ठेवून दिला.